चौथा खाचा

धाकटा : भावोजी, तो टायर खाली ठेवा आधी. ट्रॅक्टरला शोभेल तो.

भावोजी : अरे, रुंद आहे. जितका रुंद, तितकी पकड. साधी गोष्ट आहे.

ताई : काही नको टायर-बियर. हे बघ, तू माझा भाऊ आहेस ना? मग आज ही गाडी विकून टाक. गिऱ्हाईक असेलच तुझ्या गॅरेजात.

भावोजी : अगं, विकायचं कुठून निघालं मध्येच? आपण टायर बघायला आलोय.

ताई : तुम्ही आलात टायर बघायला, गाडीवर बसून. मी बसने आलेय, गाडी विकायला. परवा वळणावर मागचं चाक उडालं, हे मला शेजारणीकडून कळतं! कुठल्या वळणावर? तर पाण्याच्या टाकीच्याच. तिथेच मला पाडलंत ना मागच्या वर्षी?

भावोजी : पाडलं काय? आपण दोघंही पडलो. खडी होती.

ताई : कोपर माझं सुजलं. तुमची फक्त पँट फाटली.

धाकटा : ताई, तुझी तक्रार रास्त आहे. पण गाडीचंही ऐकू दे जरा. हात लाव इथे, मागच्या टायरला.

ताई : घाण आहे.

धाकटा : बोटच लावायचंय, आंघोळ घालायची नाहीये. मधोमध बघ, पाटासारखा सपाट झालाय. आणि कडेला? नव्याकोऱ्या रबराच्या मिशा अजून तशाच. म्हणजे भावोजी वर्षभरात गाडी एकदासुद्धा नीट कलती करून वळलेले नाहीत.

भावोजी : जपून चालवतो मी.

धाकटा : जपून नाही, घाबरून. तुमचा दोष नाही म्हणा. हा टायर तुमच्या रिमपेक्षा रुंद. दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, म्हणून वळायला जड. कुठून घेतलात? माझ्याकडून नक्की नाही.

भावोजी : हायवेवरच्या दुकानातून. पडल्यानंतरच्या आठवड्यात. तो म्हणाला, मागे बसणाऱ्याला याच्यासारखा सुरक्षित दुसरा नाही.

ताई : मागे बसणार कोण होतं?

भावोजी : आता ते त्याला काय माहीत.

धाकटा : हां. तर मागे मूळ मापाचा टायर, मऊ रबराचा, ओल्या रस्त्यावर धरणारा. पुढे त्याचाच जोडीदार.

ताई : मऊ म्हणजे लवकर झिजणार. गिऱ्हाईक लवकर परत यावं म्हणून ना? ओळखते मी तुला.

धाकटा : झिजतं म्हणूनच धरतं, ताई. दगडासारखं रबर दहा वर्षं टिकेल, पण रस्त्याला ओळखसुद्धा दाखवणार नाही. बरं, भावोजी, बसा गाडीवर. दोन्ही पाय वर. मी धरलंय हँडल. ताई, ही पट्टी घे. चाकाच्या मधल्या नटापासून सीटखालच्या या खुणेपर्यंत किती भरतं सांग. कुणी बसलेलं नसताना छप्पन्न होतं.

ताई : साडेपंचावन्न. नाही, थोडं जास्तच.

धाकटा : बघ म्हणजे. माणूस बसल्यावर गाडी तीन सेंटिमीटर तरी दबायला हवी. ही अर्धासुद्धा दबत नाही. मग खड्ड्यात ती गिळणार काय? टुणकन उडणार. परवा वळणावर तेच झालं.

ताई : वजन कमी झालंय का यांचं?

धाकटा : छे! पोट जागच्या जागी आहे. स्प्रिंग घट्ट आहे. ती घट्ट-सैल करायचे हे खाचे दिसतात ना, पाच? एकट्याला दुसरा पुरतो. गाडी चौथ्यावर आहे. चौथा दोघांचा. तीनदा सांगितलं यांना, सैल करून देतो म्हणून. प्रत्येक वेळी एकच, ‘राहू दे’.

भावोजी : विसरलो असेन.

ताई : तुम्ही? रिमोटमधल्या सेलवर तारीख लिहून ठेवणारा माणूस? कधीपासून आहे रे चौथ्यावर?

धाकटा : तू बसत होतीस तेव्हापासून.

ताई : थांब जरा. एकटा माणूस अशा घट्ट गाडीवर वर्षभर बसला, तर कंबर दुखेल?

धाकटा : दुखेल काय, मोडेल. का गं?

ताई : वर्षभर रोज मलम चोळतेय मी! वय झालं, वय झालं म्हणून रोज ऐकवतेय, आणि हा माणूस खाली मान घालून ऐकून घेतोय! अहो, बोला ना काहीतरी. का नाही सैल करू दिलंत?

भावोजी : काय बोलू?

ताई : खरं ते.

भावोजी : अगं, तू एखाद्या दिवशी म्हणाली असतीस, चला. तेव्हा काय, पाना शोधत बसायचं? तेवढ्यात तुझं मन फिरलं असतं.

धाकटा : मी चहा सांगून येतो.

ताई : कुठे जायचं नाही. टायर घाल ते. मऊवाले.

(दीड तासानंतर. गाडीला नवे टायर लागलेत.)

धाकटा : हवा भरली, चेनही सरळ केली. आता स्प्रिंगचं काय ते सांगा. दुसऱ्या खाच्यावर आणू, की...

ताई : दोघांचं मोजायचं असेल तर कसं मोजतात?

धाकटा : दोघांना बसवून.

ताई : मग धर हँडल. फक्त मोजायला बसतेय. आणि तुम्ही हसू नका.

भावोजी : मी पुढे बघतोय, मी कुठे हसतोय?

ताई : पाठीवरून कळतं मला. किती भरलं रे?

धाकटा : त्रेपन्न. बरोबर तीन सेंटिमीटर. ताई, चौथाच बरोबर आहे.

ताई : मग राहू दे तिथेच.

धाकटा : भावोजी, नवे टायर पहिले शंभर किलोमीटर निसरडे असतात. घाई नको, जोरात ब्रेक नको. ताई, बसथांब्यावर सोडू का तुला?

ताई : बसला गर्दी असते आता. ते जास्तीचं हेल्मेट दे इकडे. अहो, चला. टाकीच्या वळणावर हळू घ्या. डोळे उघडे ठेवून बसणार आहे मी.