झाकणाला बांधलेला दोरा

मंडळी, ऐका! साल एकोणीसशे एकसष्ट. आणि प्रश्न एकच – वाईट घडताना ज्याला कळलं, तो शहाणा? की ज्यानं हात घातला, तो? दोघंही म्हणता? थांबा, आधी गोष्ट ऐका!

त्या वर्षी वेळूशी गावात कोंबड्यांवर रोग आला. पहाटे आरवायला एक कोंबडा उरला नाही हो! असं मुकं गाव पाहिलंय कधी? उरली फक्त रोगाआधी घातलेली, घराघरांतून जमवलेली शंभर अंडी. ती उबली तर गावची जात टिकणार. पण उबवायला बसणार कोण? कोंबडीच नाही!

म्हणून तालुक्याहून उबवणीची पेटी आली. लाकडी, बाजूला रॉकेलचा दिवा. देवळामागच्या खोलीत तो वास कसा भरून राहायचा! अंडी फिरवायचं काम चंद्रभागाकाकूंकडे, नोंदी करायचं काम पेन्शनर बापूमास्तरांकडे.

पेटीत दोन वस्तू. एक थर्मामीटर – काचेची नळी. पारा शंभर-एकशे दोन फॅरनहाइटवर हवा; चढला की आकडा दाखवणार, बस्स! दुसरा थर्मोस्टॅट – पितळेची चपटी डबी. तिला आकडे कुठले येतात? पण उष्मा वाढला की ती फुगायची, काडी वर ढकलायची, दिव्याच्या धुराड्यावरचं झाकण उचलायची. उष्मा बाहेर! निवलं की झाकण खाली – टक्‌! दिवसभर टक्‌, टक्‌. काकूंना वाटायचं, आत कोंबडीच बसलीय.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मास्तर वैतागले. "काकू, रेशनचं रॉकेल हे! निम्मी ऊब आभाळात चाललीय!"

आणि काकू घरी गेल्यावर केलं काय? दोऱ्यानं झाकण बांधून टाकलं! काटकसर हो!

दुपारी काकू भाकऱ्या थापून आल्या, तर खोली गप्प. टक्‌ नाही, काही नाही. त्यांनी अंडं काढून मिटल्या पापणीवर टेकवलं – जुन्या बायका असंच बघायच्या – पापणी चटकली!

"मास्तर, किती झालं?"

"एकशे सहा. दहाला एकशे चार, अकराला एकशे पाच. एक नोंद चुकलेली नाही!"

"म्हणजे दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं म्हणजे? लिहिलंय!"

"मग केलंत काय?"

"सांगतोय ना – लिहिलं!"

हसताय? काकू नाही हसल्या. त्यांनी दातानं दोरा तोडला, दिवा बाहेर ओढला, दार सताड उघडलं आणि पदरानं वारा घालत बसल्या.

एकविसावा दिवस. मास्तर वही मिटून कोपऱ्यात. आणि एका कवचातून – टिक्‌!

शंभरातली सव्वीस निघाली. बाकीची गेली. मास्तर रडले. "काकू, मला आकडा कळत होता हो!"

"कळत होता, मास्तर. हातात उतरला नाही."

पुढे त्या सव्विसांनी गाव पुन्हा आरवतं केलं. पेटी तालुक्याला परत गेली. काकू नातसुनेचं बाळंतपण करून, ऐंशीच्या होऊन गेल्या. आणि मास्तर? रागाचा पारा चढला की ताटावरून उठायचे, अंगणात जाऊन उभे राहायचे. पोरं ओरडायची, "मास्तरांचं झाकण उचललं!" तेही हसायचे. ते गेल्यावर वहीत तो दोरा सापडला.

आता तुम्ही! काल सुनेवर आवाज चढला – कळलं होतं ना? शेजारच्या घरातली मारहाण ऐकू आली – कळलं होतं ना? मग हात कुठे होते? थर्मामीटर देवानं प्रत्येकाच्या पोटात ठेवलाय, मंडळी. झाकणाला दोरा आपण बांधलाय!

आधी तो तोडा. टाळी नंतर वाजवा!