पोळ्या लाटणारी रिसेप्शनिस्ट

नवऱ्याला इंग्रजी शिकवायची वेळ कुणावर येऊ नये, बाई! कंपनीत परदेशी साहेब यायला लागले, तेव्हा आमच्या ह्यांना मीटिंगसाठी पहिल्यांदा बंगलोरला पाठवायचं ठरलं. हॉटेलची खोली स्वतः फोन करून घ्यायची होती. झालं! आठ दिवस नल्लकुंटा भागातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात सराव. मी पोळ्या लाटता लाटता रिसेप्शनिस्ट व्हायचं.

"गुड मॉर्निंग, सर."

"आय वाँट वन रूम."

"फॉर हाऊ मेनी डेज, सर?"

की हे चिडलेच. "मधेच काय विचारतेस? पाठ केलेलं विसरतो ना मी!"

शेवटी एसटीडी बूथवर गेलो. पलीकडच्या मुलीनं भराभरा काहीतरी विचारलं आणि ह्यांना घाम फुटला. मागे ही रांग. बूथवाला ओरडला, "जल्दी बोलो साब, लोगां खडे हैं!"

ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "तूच बोल."

ती विचारत होती, "सिंगल ऑर डबल, मॅडम?"

मी एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "डबल."

चार दिवस बंगलोर पाहून आले मी!