खाऱ्या पाण्याचा तांब्या

मंडळी, उद्या घट बसायचे. घराघरांत माती चाळून झाली असेल, धान्य निवडून झालं असेल. म्हणून आजच विचारून ठेवतो. खरं सांगा हं, आई समोर बसली आहे! देवीनं आपलं ऐकलं नाही, याचं दुःख जास्त, की शेजारणीचं ऐकलं, याचं?

हसू नका! मागच्या खांबापाशी कोण हसलं? तुमचंच आख्यान आहे हे. ऐका!

आडबंदर नावाचं खाडीकाठचं गाव. तिथं दोन भाऊ, धर्मा थोरला, सोमा धाकटा. दोघंही खलाशी, एकाच मचव्यावर. धर्माची बायको भागीरथी, सोमाची शेवंती. दोघी सख्ख्या जावा. घर एक, अंगण एक, पण चुली दोन! का? ते विचारू नका. तव्यावरून भांडण झालं होतं म्हणे. मध्ये एक कुडाची भिंत घातली. आता कुडाची भिंत म्हणजे काय हो? इकडे फोडणी दिली की तिकडे ठसका!

नारळीपौर्णिमा झाली, मचवा दर्यात गेला. आणि भाद्रपद संपता संपता असं वादळ उठलं, असं उठलं, की खाडीचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं. बाकीचे मचवे कसेबसे परत आले. कुणाचं शीड फाटलेलं, कुणाची डोलकाठी मोडलेली, पण आले. धर्मा-सोमाचा मचवा? नाही आला.

गावानं काय करायचं? चार दिवस हळहळ केली आणि जो तो आपल्या कामाला लागला. या दोघी राहिल्या. एक भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे.

तेवढ्यात नवरात्र आलं. त्या गावात रीत अशी की प्रत्येक बाईनं टोपलीत माती घालून धान्य पेरायचं आणि पेरताना मनातलं मागणं सांगायचं. त्याला म्हणायचं रुजवण. कोंब तरारून आले तर आईनं ऐकलं! नाही आले तर...? ते कुणी बोलायचं नाही.

भागीरथीनं पेरलं. काय मागितलं? "आई, माझा धनी घरी येऊ दे." बरोबर आहे. पण मंडळी, मन तेवढ्यावर थांबतं का? थोड्या वेळानं तिच्या मनात आलं, दर्या दोघांनाही परत देईल असं नाही. एकालाच देणार असेल तर...? आणि तिनं डोळे घट्ट मिटून म्हटलं, "एकच यायचा असेल, तर माझा!"

दचकलात? कशाला दचकता? रांगेत उभे राहिलात की तुम्हीही हेच मागता. फक्त मोठ्यानं नाही.

आता पेरलं तर गप्प बसावं ना? नाही! रोज सकाळी ही बया बोटानं माती उकरून बघायची, रुजलं का? दुपारी पुन्हा उकरायची. अहो, ते बी आहे, लोणचं नव्हे, मुरलं का बघायला! चौथी माळ झाली तरी टोपलीत नुसती माती.

आणि पलीकडे? पलीकडे शेवंती गुणगुणत होती!

झालं! भागीरथीच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिचा नवरा दर्यात, माझा नवरा दर्यात. मला भाकरी गिळवत नाही आणि हिला गाणी सुचतात?" कुडाच्या फटीला डोळा लावून बसायची. शेवंतीनं केस विंचरले, हिच्या पोटात आग! शेवंतीनं अंगण सारवलं, हिच्या पोटात आग! एकदा फटीतून शेवंतीची टोपली दिसली. हिरवेगार कोंब, बोटभर वाढलेले!

मंडळी, तिला वाटलं, आईनं कौल दिला. एकच येणार आणि तो सोमा येणार. माझ्या वाट्याचं हिनं नेलं!

पैशाचा मत्सर समजतो, दागिन्याचा समजतो. पण दुसऱ्याच्या आशेचा मत्सर? तो सगळ्यात वाईट हो! कारण त्याच्यात मिळवायचं काहीच नसतं, फक्त विझवायचं असतं.

सातव्या माळेला भर दुपारी शेवंती बंदरावर गेली. रोज जायची, बांधावर उभी राहून बघायची आणि परत यायची. ती वळणाआड गेली आणि ही उठली. हातात तांब्या. खाडीवर गेली, तांब्या भरला. पिण्याचं पाणी नव्हे, खारं पाणी! शेवंतीच्या घरात शिरली, देव्हाऱ्यापाशी गेली. आई समोर! दिवा तेवतोय! हात थांबला का? नाही थांबला. ओतलं, सगळं ओतलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडापलीकडे गाणं नव्हतं. भागीरथीनं कान लावला. काहीच नाही. मनाला बरं वाटायला हवं होतं, नाही का? वाटलं नाही. तेवढ्यात दारात शेवंती. डोळे सुजलेले, हातात टोपली. कोंबांनी माना टाकलेल्या.

"वैनी, घात झाला गो!"

"काय झालं?" भागीरथी म्हणाली, पण तोंड वळवून.

"मी सांगणार नव्हते तुला. पण आता लपवू कशी? भावजींचं रुजवण सुकलं!"

भागीरथी गर्रकन वळली. "कोणाचं?"

"भावजींचं. तुझ्या धन्याचं."

"आणि सोमाभावजींचं कुठं आहे?"

"नाय पेरलं. माझा हातच झाला नाय. ह्यांच्यासाठी मागायला बसले की वाटायचं, आपल्यासारखीचं आई कशाला ऐकेल? मग तुझ्यासाठी मागितलं. आणि काय सांगू वैनी, तुझ्यासाठी मागितलं की वाटायचं, हे नक्की ऐकेल! तेवढ्यावर दिवस जायचा. कोंब आले तेव्हा तर गाणंच आलं तोंडात. म्हटलं, वैनीचा माणूस येतोय!"

आणि शेवंती पुढं काय बोलली, ऐका! म्हणाली, "ह्यांची काळजी मी केलीच नाय. मला ठाऊक होतं, पलीकडे तू मागत असशील ह्यांच्यासाठी."

आता काय बोलायचं, मंडळी? सांगा ना! तोंड कुठं लपवायचं?

पण एक मोठेपणा तिचा मानायला हवा, तिनं लपवलं नाही. म्हणाली, "मी ओतलं. खाडीचं पाणी. जळत होते मी तुझ्यावर."

शेवंती हळू आवाजात म्हणाली, "माझ्यावर नाय ओतलंस, वैनी. आपल्याच धन्यावर ओतलंस!" टोपली उचलली आणि गेली. गळ्यात पडली नाही हं! माफ केलं, पोटाशी धरलं, असलं काही नाही. राग आला तिला, यायलाच हवा होता.

भागीरथी दिवसभर रडली. आणि मग उठली. टोपलीतली उकरून उकरून मेलेली माती अंगणात ओतली. नवी माती आणली, मूठभर नाचणी घेतली आणि आईसमोर बसली. "आई, तोंड नाही मला. पण हे माझ्यासाठी नाही. माझा सोमाभावजी येऊ दे. शेवंतीचा माणूस येऊ दे!" पेरलं. आणि मंडळी, काय गंमत बघा, या वेळी तिनं एकदाही उकरून बघितलं नाही! स्वतःसाठी मागितलं तेव्हा धीर नव्हता. दुसरीसाठी मागितलं आणि विश्वास आपोआप आला. किती दिवसांनी त्या बाईला गाढ झोप लागली!

दसऱ्याला टोपलीत कोंब. सुईच्या टोकाएवढे, पण कोंब! ती शेवंतीला दाखवायला निघते न निघते तोच बंदरावर आरडाओरडा झाला. दक्षिणेकडून एक परका मचवा आत आला होता. त्यातून कोण उतरलं?

सोमा! एकटा. वाळलेला, काळवंडलेला, पण जिवंत! "मचवा फुटला," म्हणाला. "दादा एका फळीवर, मी एका. लाटेनं तोडलं आम्हाला. पुढं ठाऊक नाय."

सगळ्यांची नजर भागीरथीवर. हिनंच कुडाला डोळा लावून नवरात्र काढलेलं, बायकांना माहीत नव्हतं का? सगळं माहीत असतं बायकांना! सगळ्यांना वाटलं, आता ही ऊर बडवणार, शेवंतीला शिव्याशाप देणार.

भागीरथी घरात गेली. पाण्याचा तांब्या घेऊन आली. तोच तांब्या! पण आता विहिरीचं गोडं पाणी. भाकरीचा तुकडा दिरावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि तोंडानं म्हणाली, "शेवंते, माझं मागणं आलं गो! आता तुझं यायचंय."

शेवंतीनं काय केलं? नवऱ्याला ओट्यावर बसवलं आणि आधी आत धावली. ती खारी टोपली तिनं फेकली नव्हती. रागावली होती, पण फेकली नव्हती! रोज गोडं पाणी घालून मीठ धुऊन काढत होती. त्यात पुन्हा मूठभर पेरलं. धर्माच्या नावानं.

हे पुढच्या रांगेतले अण्णा कधीचे डोळ्यांनी विचारताहेत, बुवा, धर्मा आला का? आला हो, आला! दिवाळी उलटून गेल्यावर, कुठल्याशा लांबच्या बंदरातून, मोडका पाय घेऊन, काठी टेकत. त्या दिवशी दोघी जावांनी मिळून मधला कूड पाडला. पण मी तुम्हाला विचारतो, तो येईपर्यंत भागीरथी जगली कशावर? धर्मा तर नव्हता. मग काय होतं तिच्याजवळ? पलीकडे आपल्यासाठी कुणीतरी मागतंय, एवढंच होतं. आणि तेवढं पुरलं!

तर मंडळी, उद्या घट बसवाल. तुमच्यातही कुणाचं कोर्टात अडकलंय, कुणाचं माणूस दवाखान्यात आहे, कुणाच्या मुलीचं जमत नाही. मागा, जरूर मागा. पण एक मूठ वेगळी ठेवा. ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं पेरा. कुणाच्या?

आत्ता, या क्षणी, ज्याचं नाव तुमच्या मनात आलं आणि कपाळाला आठी पडली ना...

त्याच्याच! आणि उकरून बघू नका!

बोला, घराघरांत रुजणाऱ्या आईचा उदो, उदो!