रक्त चढवताना नाना गेले

...आणि गेले की हो आमचे हिलालनाना! सकाळी कळण्याची भाकरी खाऊन धडधाकट नरडाण्याच्या मैदानावर आले, आणि दुपारी रक्त चढवताना गेले... सरावात हो, घाबरू नका. पण तुम्हाला सांगतो, मेलेल्या माणसाने बोलायचं नसतं, आणि नानांना तोंड आवरणं म्हणजे महाकठीण!

झालं असं, की लष्कराच्या डॉक्टर-नर्सांची तुकडी सरावाला आलेली. तंबू, स्ट्रेचर, रक्ताच्या पिशव्यांत लाल पाणी, सुई नुसती चिकटपट्टीने हाताला चिकटवलेली. जखमी तेवढे हवे होते. नाना झाले जखमी. का? तर तुकडीत त्यांची सख्खी पुतणी, लेफ्टनंट मयुरी! या सरावात पास झाली तरच तिला सीमेवरच्या दवाखान्यात पाठवणार, आणि पोरीने तर त्याचाच ध्यास घेतलेला.

मयुरीने पिशवीवर घाईत एवढंच वाचलं, हिलाल पाटील. आता नियम असा, की आधी पेशंटला पूर्ण नाव विचारायचं, मनगटावरची पट्टी बघायची, दुसऱ्या सिस्टरने पुन्हा सगळं ताडून बघायचं. पण काकाला तोंडावर नाव विचारायचं? आपल्याकडे? काय बिशाद! तिने हसून पिशवी लावली, दुसरीनेही 'हिचेच काका' म्हणून मान डोलावली, नाना कौतुकाने पडून... आणि परीक्षा घेणाऱ्या मेजर सारिका मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेशंट गेला. ही पिशवी हिलाल नवल पाटलांची. हे हिलाल बुधा."

मॅडमनी मुद्दामच ठेवलेली हो ती चुकीची पिशवी! पोरीचे डोळे भरले. नानांना उठून सांगावंसं वाटलं, अहो मी ठणठणीत आहे, करा तिला पास... पण मेलेल्या माणसाने बोलायचं नसतं!

मॅडम तरी काय बाई! आवाज चढवला नाही. म्हणाल्या, इथे चुकलीस ते बरं झालं, इथला मेलेला उठून चहा पितो. आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडायला लावलं.

दुसऱ्यांदा मयुरी आली ती कोणाची पुतणीच नव्हे. "पूर्ण नाव सांगा."

"अगं, मी शे ना, तुझा काका..."

"पूर्ण नाव."

सांगितलं बिचाऱ्यांनी, बापाच्या नावासकट. दोघींनी पट्टी वाचली, पिशवी वाचली, रक्तगट वाचला, आणि मयुरीने पिशवी परत पाठवली, ही यांची नाही म्हणून.  पास झाली की हो पोरगी!

मग मॅडमनी विचारलं, नाना, पुढच्या सरावाला याल का?

"येतो की," नाना म्हणाले, "मरायला आपली ना नाही. फक्त दुसऱ्याच्या पोरीकडून मारा. आपल्या पोरीच्या हातून मेलं, की तक्रारही करता येत नाही."