चौथीतला पहिला नंबर

तुम्हाला सांगतो, चौथीत माझा पहिला नंबर आला होता, हे मी पोरीला उठताबसता ऐकवायचो. परवा तिच्यासोबत खोडाळ्याच्या बाजारात गेलो, तर माझे चौथीचे गुरुजी भेटले. तिने लगेच विचारलं, "बाबांना किती टक्के होते?"

"बेचाळीस."

"मग पहिला नंबर कसा?"

"अगं, त्या साली सगळी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. याचा पाय मोडलेला, म्हणून हा गावातच राहिला. परीक्षेला हा एकटाच!"

मी गुपचूप मिरच्या निवडायला लागलो. पोरगी कुठली सोडते!

"गुरुजी, ती सगळी परीक्षेला बसली असती तर बाबांचा कितवा नंबर आला असता?"

गुरुजी म्हणाले, "पोरी, पाढे याला सोडून सगळ्यांना येत होते."