कुलूप त्यांच्या देवाचं

आई : सूनबाई, तुझ्या नवऱ्याला काय म्हणावं ते तूच सांग! पलीकडच्या प्रार्थनाघराचं कुलूप अडकलंय, म्हातारा रखवालदार सकाळपासून आत कोंडलाय, त्याची पोर रडत दुकानात आली, आणि आमच्या चिरंजीवांनी तिला दारातूनच वाटेला लावलं!

सून : सासूबाई, हळू. आतच किल्ल्या घासत बसलेत.

आई : ऐकू दे की! त्याच्याचसाठी बोलतेय.

मुलगा : आई, त्यांच्या देवाच्या दाराला आपण हात लावायचा नाही. आपला देव वेगळा.

आई : तुझ्या बापानं चाळीस वर्षं कुलपं उघडली. एकालाही धर्म विचारला नाही.

मुलगा : तुला नाही कळायचं. आपला देव आपल्या माणसांचा आहे.

आई : हो बाबा, मी दुसरी शिकलेली. पण कान शाबूत आहेत. रोज सकाळी घसा फोडून म्हणतोस, 'तू साऱ्या जगाचा धनी.' मग दुपारी तोच धनी आपल्या गल्लीचा पहारेकरी कसा रे होतो?

मुलगा : आणि तो म्हातारा? तो आपल्याला उपरे म्हणतो, ते चालतं?

आई : म्हणजे दोघं एकाच माळेचे मणी! आण ती हत्यारांची पिशवी. मीच जाते.

मुलगा : तुझे हात थरथरतात. तार आत मोडली तर दार फोडावं लागेल.

आई : फुटू दे. म्हातारा दम्याचा आहे. औषधाचा फवारा घरी राहिलाय त्याचा.

सून : अहो, निघाल्यासुद्धा त्या! चपला न घालता!

मुलगा : आई, थांब! दे ती पिशवी इकडे.

(तासाभरानं दोघं दुकानात परत येतात.)

सून : उघडलं का हो?

मुलगा : गंज होता नुसता. म्हातारा दाराला टेकून धापा टाकत होता. पोरीनं आणलेला फवारा ओढला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. आई, तू जवळ होतीस. काय म्हणाला?

आई : त्याच्या देवाला सांगत होता, या पोराच्या हाताला यश दे.

मुलगा : मी त्याच्या पोरीला हाकललं, हे माहीत नसेल त्याला.

आई : माहीत होतं. तिनं दाराच्या फटीतून सगळं सांगितलं होतं.

मुलगा : तरी? आपल्याला उपरे म्हणणारा तो?

आई : तोच. श्वास अडकला की माणसाला गल्ली आठवत नाही.

(मुलगा हत्यारांची पिशवी खुंटीला अडकवतो.)

आई : बाळा, कुलपं तू बापापेक्षा चांगली उघडतोस. देवाला तेवढं आत कोंडून ठेवलंयस.