जुन्या आडाचं पाणी

दगडाबाई: …आणि त्या मोबाइलात आपल्या गावचं पाणी कुठनं आलं गं? कुणी चाखून बघितलंय तिथं बसून?

राजनंदिनी: चाखत न्हाईत आत्या, प्रयोगशाळेत तपासतात. मग आकडे वेबसाइटवर टाकतात. कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प दिलाय ना, आपापल्या गावच्या पाण्यावर. सुरुवातीला कायच सापडंना. मग बसवेश सर म्हणले, धाराशिव टाकून काय शोधतेस, नाव तर आत्ता बदललं. जुनं सगळं उस्मानाबादच्या नावानं पडलंय.

दगडाबाई: घ्या. मला इचारायचं की. माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच हाय.

राजनंदिनी: तसं टाकलं आणि लगेच आलं. आप्पा, ऐकताय ना?

शिवप्रसाद: ऐकायलो.

राजनंदिनी: हा तोच अहवाल हाय. आई आजारी होती तेव्हा गावच्या ग्रुपवर फिरला होता तो.

शिवप्रसाद: पाणी चांगलंय म्हणून लिवलंय त्यात.

राजनंदिनी: व्हय.

शिवप्रसाद: मग झालं की.

दगडाबाई: झालं कसं? आमी दोघी जारचं पिताव. निम्मं गाव जारचं पितंय. ह्यो एकटा नळाला बोअरचं येतंय तेच पितोय. नंदे, तुझी आई गेल्यापास्नं बापाचं ध्यान बघ तुझ्या. जेव म्हणलं की जेवतोय, ऊठ म्हणलं की उठतोय. रडला न्हाय, वरडला न्हाय. परवा कढत चहा हातावर सांडला, तर नुसता बघत बसला.

शिवप्रसाद: भाजलं न्हाय मला, अक्का.

दगडाबाई: फोड आलाय की रं एवढा.

शिवप्रसाद: आला असंल.

राजनंदिनी: आप्पा, इकडं बघा जरा. सर म्हणतात, नुसता आकडा बघून भुलू नका. कुणी मोजलं, कधी मोजलं ते बघा, आणि नमुना नेमका कुठनं उचलला ते तर बघाच. मी आपली आकड्यावरच खूश होते. खाली जागा लिहिलीय, ती कुणी वाचलीच न्हाय.

दगडाबाई: काय लिवलंय?

राजनंदिनी: ‘मारुती मंदिराजवळचा आड.’

दगडाबाई: आपल्या मारुतीजवळ आड कुठला? तिथं टाकी हाय.

राजनंदिनी: तेच म्हणते मी. शेजारी अक्षांश-रेखांश होते, ते नकाशात टाकले. तर खूण गावात पडंना. ही बघा, पार तिकडं, तेरणा नदीच्या कडेला. नुसत्या वेड्या बाभळी दिसतात. मला वाटलं, माझंच चुकलं. दोनदा टाकून बघितलं. आप्पा, कुठली जागा हाय ही?

(आप्पांनी मोबाइल हातात घेतला. चित्र मोठं कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून राजनंदिनीनं त्यांचं बोट धरून काचेवर फिरवलं. फोडाला तिचा धक्का लागला तरी त्यांनी हात मागं घेतला नाही. याचीच तिला भीती वाटत होती.)

शिवप्रसाद: जुनं गाव.

दगडाबाई: काय म्हणतूस?

शिवप्रसाद: जुनं गाव हाय हे. ही वेशीकडची वाट. हितं मारुती. हितनं तिसरं आपलं घर.

दगडाबाई: बघू… नुसती दगडं दिसायल्यात रं.

शिवप्रसाद: भूकंपात तेवढीच ऱ्हायली.

राजनंदिनी: म्हणजे गाव उठून इकडं माळावर आलं, पण तपासायचा आड पहिल्यापासनं ठरलेला तोच राहिला. गावाचं नावही तेच. पाणी तिथलं तपासलं आणि आपण समजलो आपलंच.

दगडाबाई: म्हंजे खोटं लिवलं की त्यांनी.

राजनंदिनी: न्हाय आत्या, खोटं कुठं? जागा लिहिली होती त्यांनी. आपण वाचली न्हाय.

दगडाबाई: आणि ह्या बोअरचं?

राजनंदिनी: लई शोधलं. उस्मानाबाद टाकून बघितलं, धाराशिव टाकून बघितलं. बोअर कुणी तपासल्याचं कुठंच न्हाय.

दगडाबाई: मग पाणी वाईट हाय म्हण की.

राजनंदिनी: तसंबी म्हणता येत न्हाय. आपल्याला माहीत न्हाय, एवढंच म्हणता येतं.

शिवप्रसाद: आडाचं पाणी गोड व्हतं.

दगडाबाई: व्हय रं. डाळ कशी शिजायची. हितं आल्यापास्नं तासभर रटरटली तरी दाताखाली लागतीय.

शिवप्रसाद: डॉक्टर इचारत व्हते, पाणी कसलं पिता. म्या म्हणलं, चांगलंय, अहवाल हाय आमच्या गावचा. मोबाइल काढून दाखवला त्यांना.

राजनंदिनी: आप्पा…

शिवप्रसाद: आन् बाटली भरून भरून तिला देत ऱ्हायलो.

राजनंदिनी: आप्पा, आईची किडनी कशानं गेली ते आता कुणालाच कळायचं न्हाय. मी कितीबी शोधलं तरी मोबाइलात ते मिळणार न्हाय. पण तुम्ही अजून तेच पिताय. मला रात्री झोप लागत न्हाय. नळाचा नमुना तपासायला देऊ आपण. कुठं द्यायचा ते शोधून ठेवलंय, कॉलेजला जाताना मीच नेते. तोवर जारचं प्या.

शिवप्रसाद: तिची बाटली हाय की. कोनाड्यात.

दगडाबाई: त्यात पाणी हाय अजून. तिनं अर्धी पिली तशीच हाय. मला हात लावू देत न्हाय हा.

शिवप्रसाद: तीच ने. तिनं पिलेलंच पाणी हाय त्यात.

राजनंदिनी: जुनं पाणी चालत न्हाय, आप्पा. ताजं लागतं. बाटली रिकामी करून नळाच्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. आपण दुसरी बाटली घेऊ.

दगडाबाई: दुसरीच घे बाई. बाटल्यांना काय तोटा हाय घरात?

शिवप्रसाद: न्हाय. तीच घे.

राजनंदिनी: मग आधी ते ओतावं लागंल.

शिवप्रसाद: म्या वततो. तू नळ सोड.

दगडाबाई: शिवा, त्या हातानं टोपण नको काढूस. फोड फुटंल. दे, म्या धरते.

शिवप्रसाद: धर, अक्का. लई दुखायलाय हात.